सात बायांची बॅटरी

गिरणीवाल्याला विजेबद्दल बोलायला लावू नये. तोंड विटाळतं. माझा सगळा जन्म धर्मापुरीत पिठाची गिरणी चालवण्यात गेला, आणि त्यातला निम्मा लाइटीची वाट बघण्यात. वीज तयार होते तालुक्याच्या गावाला, परळीला, आणि आमच्या गावात बायका दळणाचे डबे नंबराला लावून घरी जातात, हा काय प्रकार आहे ते मला अजून कुणी समजावून सांगितलेलं नाही. आता मी विचारायचंही सोडून दिलंय. कंटाळा येतो. पण अप्पांची आणि माझी बैठक जमली ती या भारनियमनामुळंच, हेही खरं. लाइट गेली, पट्टा थांबला, की मी अंगावरचं पीठ झटकायचो आणि समोर अप्पांच्या दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायचो.

अप्पांचं दुकान कंदिलांचं. कंदील, कंदिलाच्या काचा, वाती, दोरखंड, कासरे, बैलांची आणि मेंढरांची घुंगरं, आणि बॅटऱ्या. आमच्याकडं हातात धरायच्या टॉर्चला बॅटरीच म्हणतात. तिच्यात घालतात ते सेल आणि तिच्यातून पडतो तो फोकस. अप्पा कपाळावर भस्माचे तीन पट्टे ओढून, गळ्यातलं लिंग सदऱ्याच्या आत सारून सकाळी गादीवर बसायचे ते दिवेलागणीपर्यंत. बॅटरी घ्यायची म्हटली की पंचक्रोशीतला माणूस आधी अप्पांना विचारायचा. दुसऱ्याच्या दुकानातून घेतलेलीसुद्धा अप्पांना दाखवायला आणायचा.

या बॅटऱ्यांच्या नादात अप्पांची नजर गेली. बॅटरीनं कुणाची नजर जात नाही, तेवढं मलाही कळतं. पण नजर चालली होती, आणि बॅटऱ्यांमुळं ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ना अप्पांच्या, ना आमच्या. एकाच्या ध्यानात आलं, तर त्याला अप्पांनी पायरीवरून उतरवलं. मला सांगायचंय ते एवढंच, पण ते सांगायला अप्पा कसे होते ते आधी कळायला पाहिजे.

अप्पा एकदा बोलले की बोलले. मी गिरणी टाकली त्या दिवशी त्यांनी मला हाक मारली, ''ये दामोदर, च्या पी.'' मी म्हटलं, ''अप्पा, माझं नाव दिगंबर.'' त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं, आपलं चुकलं की नाही याचा विचार केला आणि म्हणाले, ''असू दे. दामू बरं हाय.'' झालं. गाव मला दामूशेठ म्हणायला लागलं. माझ्या मुलीच्या लग्नपत्रिकेत दिगंबर छापलं, तर दोन जणांनी विचारलं, हे कोण? शब्द मागं घेणं अप्पांना ठाऊकच नव्हतं. त्यात दुष्टपणा नव्हता. ज्या माणसाला सगळे विचारून करतात, त्यानं आज एक आणि उद्या एक बोलून कसं चालेल, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.

त्या काळात गावात पहिले मोबाइल आले होते आणि ते चार्ज करायला लाइट नव्हती. खलीलभाई नावाचा एक फिरता दुकानदार परळीहून आमच्या आठवडी बाजाराला यायचा. कंगवे, कुलपं, खेळण्यातल्या बंदुका, सगळा चायना माल. अप्पांकडं तोवर त्या जुन्या पितळी, तीन सेलच्या, दंडाएवढ्या बॅटऱ्या. पिवळा उजेड, मागच्या झाकणात स्प्रिंगखाली एक जादा बल्ब ठेवलेला. एका बाजारी खलीलभाईनं अप्पांच्या हातात बोटाएवढी काळी नळी ठेवली.

''ये देखो अप्पा. नया माल.''

''हे काय हाय? सुरम्याची डबी?''

''बॅटरी है.''

''ही बॅटरी? आन् सेल कुठं घालायचे, नाकात?''

खलीलभाईनं मागचं बूच फिरवलं आणि आतून प्लास्टिकचा एक पिंजरा काढला. त्यात करंगळीएवढे तीन सेल. पुढं तोंडात काचेआड डाळिंबासारखे पांढरे दाणे. अप्पांनी नळी उलटीपालटी केली, नखानं वाजवली, नाकाला लावली, मग कानाशी धरून बटण दाबलं. कोणतीही बॅटरी ते आधी ऐकायचे. दुपारची वेळ होती म्हणून ते दोरखंडाच्या अंधाऱ्या कोठीत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. खलीलभाईचा चहा निवला. बाहेर आले तेव्हा टोपीला जाळी लागलेली. ''ठेव,'' म्हणाले. म्हणजे विकायला ठेव असं नव्हे. माझ्यासाठी ठेव.

तिथून जो नाद लागला तो लागलाच. दर बाजारी नवीन बॅटरी. एक बुडावर उभी राहायची आणि आढ्यावर उजेड टाकायची. एक हातात धरून जरा वेळ झाला की चटके द्यायची. एक सदऱ्याच्या खिशात आपोआप पेटायची आणि अप्पांच्या छातीतून उजेड यायचा. अप्पा जेवायलाही ती उभी राहणारी बॅटरी ताटाशेजारी ठेवायला लागले, तेव्हा पारूकाकूंनी पहिला आवाज उठवला. पारूकाकू म्हणजे अप्पांची बायको. सडपातळ, ठसक्याच्या, आणि अप्पांना घाबरत नाही असं गावातलं बहुधा एकटंच माणूस.

''अवो, बंद करा ती. वरण बगा कसं दिसायलंय, दूध सांडल्यावाणी. आन् तुमचं तोंड बी निळं पडलंय. मेल्यावर बगायचं तोंड मला आत्ताच का म्हनून दाखवायलात?''

अप्पा म्हणाले, ''उजेड पांढरा हाय, त्याला मी काय करू?'' आणि ती बॅटरी शेजारच्या पोत्याआड ठेवून तसेच जेवले. त्या उजेडानं जेवणाची चव गेली एवढं मात्र त्यांनी मला दुसऱ्या दिवशी हळूच सांगितलं. काकूंना नाही सांगितलं.

या नादात अप्पांना एकच जोडीदार मिळाला, मल्हारी. मल्हारी धनगर. तांबडं मुंडासं, खांद्यावर घोंगडी, मागं दीडदोनशे मेंढरं. वयानं अप्पांच्या बरोबरीचा. तो अप्पांना 'तुमी' म्हणायचा, अप्पा त्याला 'मल्हाऱ्या' आणि 'बे'. घुंगरं घ्यायला यायचा तो पायरीवरचाच झाला. त्याला बॅटरी कामाची होती, लांडग्याकोल्ह्याला लागते. पण हौसही अप्पांइतकीच. दोन म्हातारे दिवेलागणीला डोक्याला डोकं लावून बसायचे आणि एकमेकांच्या डोळ्यांत फोकस मारून भांडायचे.

काही बॅटऱ्यांना तीन रूपं असायची. बटण अर्धं दाबलं की रूप बदलायचं, पुरतं दाबलं की बंद. अप्पांनी त्या रूपांना नावं दिली होती. पूर्ण, अर्धी आणि येडी. येडी म्हणजे ती लपलप करणारी. एका संध्याकाळी मल्हारी मेंढरं घेऊन पांदीनं येत होता आणि त्यानं ओढा बघायला म्हणून बटण दाबलं, तर निघाली येडी. मेंढरं जी उधळली ती थेट देवळाच्या आवारात, आणि तिथं भजन चाललेलं. मल्हारी घाबरून बटण दाबत सुटला. पूर्ण, अर्धी, येडी, पूर्ण, अर्धी, येडी. शेवटी त्यानं बॅटरी घोंगडीत गुंडाळली आणि लपलपणारी घोंगडी उराशी धरून दुकानाकडं पळत आला.

''अप्पा, हिला मारा! आदी हिला मारा!''

अप्पांनी शांतपणे घोंगडी सोडली. ''पुरतं दाब बे. गुदगुल्या काय करायलास तिला!''

''आन् माझी मेंढरं?''

''मेंढराला बटन असतं तर ते बी दाबलं असतं.''

भजनी मंडळानं मल्हारीला पुढं कितीतरी दिवस 'येडी' म्हणून हाक मारली. तो हसायचा. त्याला राग येत नसे, निदान मी तरी कधी बघितला नाही.

आता त्या बायांचं सांगतो. आमच्या गावात महादेवाचं जुनं दगडी देऊळ आहे. बाहेरून लोक बघायला येतात, आम्ही येता-जाता पाठ टेकून बसतो. त्याच्या भिंतीवर ओळीनं दगडातल्या बायका. एक आरसा बघते, एक पायातला काटा काढते, एकीच्या कडेवर लेकरू. समोर लिंबाचं झाड. अप्पांनी बॅटरी पारखायची रीत काढली ती अशी, की लिंबाच्या बुंध्याला पाठ लावून उभं राहायचं, अंधारून आलं की फोकस भिंतीवर मारायचा आणि डोक्यापासून पायापर्यंत किती बाया पुरत्या मावतात ते मोजायचं. ही पाच बायांची बॅटरी, ही सहा बायांची. सात मावल्या तर पास, त्याखाली नापास. हे माप गावात असं रुळलं की बाजारात शेतकरी खलीलभाईला विचारायचे, ''कितनी बाई?'' पाच वेळा नमाज पढणारा माणूस तो, कानाला हात लावायचा. पारूकाकू ओट्यावरून ओरडायच्या, ''घरची एक दिसंना, आन् देवळाच्या मोजायला चाललंय म्हातारं!''

सगळे हसलो आम्ही. त्या चेष्टेतलं खरं कुणाला ऐकूच आलं नाही.

कारण हळूहळू बॅटऱ्या नापास व्हायला लागल्या. आधी सहाची आली, मग पाचची. मग चांगल्या जाड काचेची, खलीलभाईनं शपथ घेऊन दिलेली, तीही चारची निघाली. अप्पा लिंबाखालून परत यायचे ते तोंड पाडूनच. ''माल बिघडला,'' म्हणायचे. ''आदी गिऱ्हाईक धरायचं म्हनून चांगला देतेत, गिऱ्हाईक लागलं की फोकस बारीक करतेत.'' आम्हाला ते पटायचं. का नाही पटणार? त्या दिवसांत बाजारात हजार वस्तू नव्यानं यायच्या आणि दर वर्षी बारीक होत जायच्या. साबणाची वडी बारीक झाली, बिस्किटाचा पुडा बारीक झाला, काडेपेटीत काड्या कमी यायला लागल्या. मग फोकसच तेवढा का म्हणून मोठा राहील? आणि आम्ही लिंबाखाली शेजारीच उभे असायचो, भिंत आम्हालाही दिसत होती. पण कडेची बाई पुरती धरायची की अर्धी, यावर अप्पांशी कोण वाद घालणार? अप्पा चार म्हणाले की आम्हालाही चारच दिसायच्या. नापास म्हणून लोकांनी खलीलभाईला कितीतरी बॅटऱ्या परत केल्या. तो बिचारा एकदा माझ्या गिरणीत येऊन बसला आणि म्हणाला, ''दामूशेठ, माल वहीच है. डब्बा वहीच, कंपनी वहीच. अप्पा को क्या हुआ?'' मला तेव्हा वाटलं, धंदेवाला माणूस, असं म्हणणारच.

बाकीही होत होतं. कोपराशेजारी ठेवलेला चहाचा कप अप्पांच्या हातानं लवंडायचा. बाजूनं सायकल गेली की ते दचकायचे आणि घंटी न वाजवल्याबद्दल शिव्या घालायचे. देवळात नंदीला गुडघा आपटला, तेव्हा पुजाऱ्यावर डाफरले. पारूकाकू म्हणाल्या, ''नंदी काय आज आणून बसवला का वो?'' अप्पा म्हणाले, ''अंधार हाय. बॅटरी बारीक हाय.'' सगळ्याला तेच एक कारण.

मल्हारीच्या जावयानं पुण्याहून त्याला एक बॅटरी आणली. मुठीत मावेल एवढी, पण जड आणि देखणी. मल्हारी ती धोतराच्या सोग्यात बांधून, दिवसभर कुणाला न दाखवता, संध्याकाळी पायरीवर घेऊन आला. नव्या नवरीचं तोंड दाखवावं तशी सोडली. आम्ही पाच-सात जण लिंबाखाली गेलो. अप्पांनी आवाज ऐकला, बटण दाबलं. खरं सांगतो, भिंत धुतल्यासारखी झाली. कुणीतरी 'आयला' म्हणालं.

अप्पा म्हणाले, ''दोन.''

मल्हारी पुढं झाला. ''अप्पा, नीट बगा. समदी वळ दिसायली की. ह्या टोकापसून त्या टोकापतूर.''

''दोन. आरसेवाली आन् तिच्या बाजूची. नापास हाय मल्हाऱ्या. फसवलं तुझ्या जावयाला.''

''दामूशेठ, तुमाला किती दिसायल्या?''

मी खोकलो. दुसरं काय करणार? मल्हारीनं सगळ्यांकडं बघितलं. एकेकानं मान खाली घातली. मग त्यानं मुंडासं काढून हातात घेतलं. एवढं मला स्पष्ट आठवतं, कारण तो मुंडासं फक्त देवापुढं काढायचा.

''अप्पा, राग येऊ देऊ नका. बॅटरीचा फोकस बारीक झाल्याला न्हाई. तुमच्या नजरंचा झालाय.''

''म्हंजे?''

''परवा माझं कोकरू तुमच्या पायापशी व्हतं, तुमी त्याच्यावर पाय दिला. काल मी बाजूनं राम राम घातला, तुमी बगितलं बी न्हाई. म्होरचं तेवढं दिसतंय तुमाला. लातूरला डोळे दावून या, मी येतो संगं.''

अप्पांनी बॅटरी बंद केली. तेवढ्या उजेडानंतर काळोख फार वाटला. त्यांनी ती मल्हारीच्या हातात दिली आणि अगदी सावकाश म्हणाले, ''जन्मभर लोकं माझ्या नजरंवर माल घेतेत. आन् तू मला नजर शिकवायला आलास बे? आजपसून माझी पायरी चढू नको.''

मल्हारी खरंच आला नाही. आठ दिवस गेले, पंधरा गेले. मेंढरांची घुंगरं त्यानं परळीहून आणली, हेही अप्पांना कळलं. आमच्यापाशी म्हणायचे, ''येईल झक मारत.'' मग दिवाळी झाली आणि मल्हारी दर वर्षीसारखा मेंढरं घेऊन गोदाकाठाला निघून गेला. या वर्षी तो पायरीवर सांगून गेला नाही, एवढाच फरक. अप्पा मला विचारायचे, ''दामू, मेंढरं कुठवर गेली असतील?'' मेंढरं म्हणायचे, मल्हारी म्हणायचे नाहीत.

जायच्या आदल्या दिवशी तो पारूकाकूंना मात्र भेटून गेला होता. मागच्या दारानं. त्या मला म्हणाल्या, ''दामूभाऊ, त्यो रडत व्हता वो. म्हनला, काकू, मला कायमचं न्हाई चढू दिलं तरी चालंल, पन ह्यांला लातूरला न्या.'' आता अप्पांना डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं कसं? काकूंनी युक्ती केली. म्हणाल्या, लातूरला नव्या बॅटऱ्या आल्यात म्हणे, डॉक्टर लोक वापरतात तसल्या. खोटं काहीच नव्हतं त्यात. अप्पा दुसऱ्याच दिवशी धुतलेली टोपी घालून तयार. मी गिरणी बंद ठेवली. तशीही लाइट नव्हती.

दवाखान्यात शिरल्यावर अप्पांना सगळं कळलं, पण ते परत फिरले नाहीत. काकूंकडं एकदा बघितलं आणि बाकावर बसले. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी एका बारक्या बॅटरीनं अप्पांच्या डोळ्यांत उजेड मारला, तर अप्पा त्या बॅटरीकडंच बघायला लागले. ''बाई, ही किती दान्यांची?'' बाई म्हणाल्या, ''आजोबा, बॅटरीकडं नाही, समोर बघा.''

मग एका अंधाऱ्या खोलीत नेलं. तिथं पांढऱ्या टोपल्यासारखं यंत्र. त्यात तोंड घालून हनुवटी टेकवायची, मधल्या ठिपक्याकडं बघत राहायचं. आत इकडंतिकडं बारके दिवे लागतात. दिसला की हातातलं बटण दाबायचं. अप्पांना हे काम इतकं आवडलं की विचारू नका. जन्मभर केलेलंच काम ते. बाहेर आले ते खुशीत, आणि डॉक्टरीणबाईंना म्हणाले, ''बाई, मशीन चांगली हाय. पन तुमचे कडंचे समदे दिवे गेलेत. मधले तेवढे चालू हायत. कंपनीला कळवा, न्हाईतर उगं एखाद्या गरिबाचं निदान चुकायचं.''

बाई हसल्या नाहीत, सगळे दिवे चालू आहेत म्हणाल्या. अप्पा ऐकेनात. दिवे गेलेतच म्हणाले. तेव्हा त्या मला म्हणाल्या, ''तुम्ही बसा.'' मी हनुवटी टेकवली. अप्पा मागं येऊन उभे राहिले आणि त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आत दिवे लागायला लागले. वर लागला, खाली लागला, पार डाव्या कोपऱ्यात लागला, उजव्या कडेला लागला. मी बटण दाबत होतो आणि अप्पा टकटक ऐकत होते. त्यांचा कान किती तयार होता ते मी सांगितलंय. खांद्यावरचा हात जड होत गेला.

''दामू, कडंचे दिसायलेत का?''

''व्हय अप्पा.''

''समदे?''

मी नुसतं बटण दाबत राहिलो.

काचबिंदू होता. बाईंनी समजावून सांगितलं. नजर कडेकडेनं खात येतो, दुखत नाही, माणसाला कळत नाही. गेली ती परत येणार नाही, उरली ती थेंब घालून सांभाळायची, तीही किती राहील सांगता येत नाही. वर्षभर आधी आला असतात तर बरंच राखता आलं असतं. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, ''आन् मोठी बॅटरी घेतली तर?''

चेष्टेनं नव्हतं विचारलं. काकूंनी पदर तोंडाला लावला.

''नाही, आजोबा,'' बाई म्हणाल्या.

परतीच्या वाटेत बस अंबाजोगाईला थांबली. तिथं चहाला उतरलो. मी कप त्यांच्या हातात नीट दिला. ते म्हणाले, ''मल्हाऱ्या कुठवर आला असंल?'' मी म्हटलं, अजून गोदाकाठालाच असेल, पावसाळा लागल्याशिवाय कसला येतोय. ''आला की मला सांग,'' म्हणाले. ''त्याला बोलायचंय.'' काय बोलायचंय ते मी विचारलं नाही. माझं नाव बदललं, पण स्वतःचा शब्द न बदलणारा हा माणूस. त्याला काय बोलायचं असेल ते मला कळलं.

अप्पांचा गावातला तो शेवटचा उन्हाळा वाईट गेला. अप्पांनी लिंबाखाली जाणं सोडलं. कुणी बॅटरी दाखवायला आणली तर म्हणायचे, ''चांगली असंल, घे.'' खलीलभाई यायचा, चहा प्यायचा, आणि पिशवीतून काहीच बाहेर न काढता उठून जायचा. थेंब घालूनही जी उरली होती ती नजर धुरकट होत चालली. अप्पांशी बोलायचं तर अगदी नाकासमोर जाऊन उभं राहावं लागायचं, आणि हे गावाला इतकं अंगवळणी पडलं की पोरंसोरंसुद्धा आधी समोर यायची, मग हाक मारायची. दुकानात दोरखंडावर पाय अडकून ते पडले, कपाळ फुटलं, तेव्हा अहमदपूरची लेक आली आणि म्हणाली, आता दोघांनी माझ्याकडं चलायचं. अप्पांनी वाद घातला नाही. तेच मला सगळ्यात जास्त लागलं. मी गंगाखेडकडं जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरजवळ मल्हारीला निरोप धाडला. वाटेत कुठं मेंढरं दिसली तर सांगा, अप्पा निघाले.

निघायच्या सकाळी स्टँडवर निम्मं गाव होतं. लेकीनं अप्पांना खिडकीशी बसवलं, काकू पलीकडं. सगळे खिडकीला भिडले, लिंगायती राम राम घालत, शरणार्थ अप्पा, शरणार्थ अप्पा, एकच कालवा. अप्पांची मान इकडून तिकडं फिरायला लागली. कुणीच सापडेना. मग त्यांनी हात वर केला आणि जुन्या आवाजात ओरडले, ''एकेक या बे! गर्दी केली की कुनीच दिसत न्हाई.''

रांग लागली. खरंच लागली. एकेक जण खिडकीसमोर येऊन उभा राहायचा, अप्पा त्याच्याकडं डोळे बारीक करून बघायचे, नाव घ्यायचे, तो बाजूला व्हायचा. माझा नंबर आला. त्यांनी मला नीट बघून घेतलं. ''दामू,'' म्हणाले, ''मल्हाऱ्या आलाय का?''

मी वळून बघितलं. रांगेच्या पार शेवटाला तांबडं मुंडासं. धूळभरले पाय, अंगावर तशीच घोंगडी. पुढं ये म्हणून मी खूण केली तर तो मान हलवायला लागला, राहू द्या, होऊ द्या सगळ्यांचं. पायरीवरून उतरवलेला माणूस तो, पुढं घुसणार नव्हता.

''आलाय अप्पा. मागं हाय.''

''येऊ दे.''

मी बाजूला झालो. माझ्यामागं आणखी चार-पाच जण होते. मी त्यांना मागं सारत होतो, मल्हारीला ओढत होतो, तेवढ्यात कंडक्टरनं घंटी मारली. बस हलली. मल्हारी धावला. पण तो बाजूनं धावत होता, आणि बाजू अप्पांना आता नव्हतीच. खिडकीसमोर नेमका एक फुटाणेवाला पाटी घेऊन बसबरोबर चालत आला. त्याच्याही डोक्याला तांबडं मुंडासं. अप्पांनी खिडकीतून हात बाहेर काढून त्याच्या खांद्यावर ठेवला.

''मल्हाऱ्या, तू खरं बोल्लास बे,'' अप्पा म्हणाले. ''माझंच चुकलं. माझंच चुकलं बे.''

बस गेली. धूळ खाली बसेपर्यंत फुटाणेवाला तिथंच उभा, खांद्याला हात लावून. शेजारी मल्हारी, धापा टाकत.

''काय म्हनले वो ते?'' फुटाणेवाल्यानं विचारलं. ''मी तर वळखत बी न्हाई त्यांला.''

मल्हारीनं घोंगडीच्या टोकानं तोंड पुसलं.

''तुमाला न्हाई,'' तो म्हणाला. ''मला म्हनले.''